ऑक्सिटोसिनचा नाकातला फवारा आणि दारू: चाचणी नीट घ्यायची तर काय काय मोजावं लागेल?

पांझराकाठ
व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘नाकात दोन फवारे, दारू बंद.’ औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. संशोधन खरं आहे आणि मेसेज खोटा आहे, इथवर समजतं. पुढचं अडतं. नेमकं काय तपासलं गेलं, दारू सोडतानाचा त्रास की नंतरची तलफ? डोस किती होता? आणि आपल्या धुळे-जळगाव-नंदुरबारच्या पट्ट्यात अशी चाचणी घ्यायची म्हटलं तर ती कुठे फसेल? जाणकारांनी सविस्तर लिहावं. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते आम्हीही सांगतो.

रावेर_केळी
म्हशीले टोचता तेच ना भो हे?

चोपडा_पशुवैद्य
हो, रेणू तोच. नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हशीत ती पान्हा सोडते, बाईत पान्हा आणि बाळंतकळा दोन्ही. मेंदूत ती वेगळी कामं करते, या धाग्याचा विषय ती कामं आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर कुणीतरी तो उद्योग करेल. गोठ्यात चोरून वापरल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या प्लास्टिक बाटल्यांत किती ताकदीचं काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ते निर्जंतुक नसतं. दूध काढण्यासाठी असं टोचणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ मध्ये गुन्हा आहे. ती बाटली माणसाच्या नाकाजवळही नेऊ नका.

रावेर_केळी
मंग गोळी काऊन नाही काढत याची?

चोपडा_पशुवैद्य
पोटात गेलं की पचून जातं, डाळीतल्या प्रथिनासारखं. म्हणून सुई नाहीतर नाक.

तापीकाठ (मानसोपचार)
पांझराकाठ ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नातच खरी मेख आहे. ‘दारू सुटते’ यात दोन वेगळी कामं आहेत आणि मेसेजवाल्यांनी ती एकत्र कालवली आहेत.

पहिलं काम विथड्रॉवलचं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली की ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलटी, धडधड सुरू होते. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. आणि ज्याला आपल्याकडे ‘भ्रमात गेला’ म्हणतात तो डेलिरियम ट्रेमेन्स साधारण ४८ ते ९६ तासांत. यावर खात्रीचं औषध बेन्झोडायझेपिन गटातलं: लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड. दुसरं काम नंतरचं, म्हणजे महिनोन्‌महिने तलफ आवरणं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये जे छापलं ते पहिल्या कामाबद्दल होतं. माणसं ११. सात जणांना ऑक्सिटोसिन, चौघांना नकली फवारा. डोस २४ आययू (आंतरराष्ट्रीय युनिट, औषधाची ताकद मोजायचं एकक), दिवसातून दोनदा, तीन दिवस. दोन्ही गटांना त्रास वाढला की लोराझेपाम मिळतच होतं, आणि मोजलं ते किती लागलं हे. ऑक्सिटोसिन गटाला सरासरी ३.४ मिलिग्रॅम, नकली गटाला १६.५. या आकड्यानेच सगळीकडे खळबळ उडाली.

मग नॉर्वेत २०१९ मध्ये ४० रुग्णांवर तोच डोस, तेच तीन दिवस. तिथे लोराझेपामऐवजी ऑक्साझेपाम होतं. दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. त्याच गटाने पुढे घरी चार आठवडे फवारा देऊन पाहिला, पिण्यातही स्पष्ट फरक दिसला नाही. मेसेज लिहिणाऱ्याने २०१३ वाचलं आणि तिथेच मोबाइल खाली ठेवला.

उंदरांतला पुरावा मात्र चांगला आहे, म्हणून विषय अजून जिवंत आहे. सिडनी विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की दारू मेंदूतल्या ज्या एका प्रकारच्या गाबा रिसेप्टरवर (मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाची बसायची जागा) बसते, तिथला तिचा परिणाम ऑक्सिटोसिन अडवतं. ऑक्सिटोसिन मिळालेल्या उंदरांचा दारू दिल्यावर तोलही कमी जायचा. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला असंही दिसलं की व्यसनी केलेल्या उंदरांची दारूसाठीची धडपड ऑक्सिटोसिनने कमी होते, व्यसन नसलेल्यांची नाही.

पांझराकाठ
डॉक्टर, ११ जणांवरून एवढी खळबळ?

आकडेमोड
तेच म्हणतोय. चौघांच्या गटात एखादाच जास्त बिघडला तरी सरासरी उडते. २०१३ च्या निकालाला ‘पुढे तपासण्यासारखं’ म्हणावं, ‘सिद्ध’ नाही.

गणित मांडतो. दोन गटांतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (माणसामाणसांतले आकडे किती पसरलेत त्याचं माप), म्हणजे मध्यम आहे असं धरलं आणि खरा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात ६४ माणसं शेवटपर्यंत टिकली पाहिजेत. फरक ०.३ एवढाच असेल तर प्रत्येक गटात १७५. उलट बाजूने बघा: २० विरुद्ध २० च्या चाचणीला साधारण ०.९ एवढा दणदणीत फरक असेल तरच तो भरवशाने दिसतो. म्हणजे ४० जणांत ‘फरक दिसला नाही’ याचा अर्थ ‘मोठा फरक बहुधा नाही’ एवढाच. छोटा असू शकतो.

आता गळती. व्यसनाच्या चाचणीत चौथा हिस्सा गळाला तर आश्चर्य नको. ६४ भागिले ०.७५, म्हणजे गटात ८६, दोन्ही मिळून १७२ माणसं घ्यावी लागतील. एका तालुक्याच्या केंद्राला हे झेपणार नाही. तीन जिल्ह्यांतली चार-पाच केंद्रं एकत्र हवीत, आणि कुणाला खरं, कुणाला नकली याचे लॉट (चिठ्ठ्या) प्रत्येक केंद्रात वेगळे काढायचे. नाहीतर एका केंद्रातली चांगली नर्स औषधाचं श्रेय घेऊन जाईल.

तापीकाठ (मानसोपचार)
आकडेमोड यांचं मान्य. फक्त एक भर. छोट्या चाचणीचा निकाल फोल ठरला म्हणजे चाचणी वाईट होती असं नाही. ती दार ठोठावायला होती.

गिरणा_फार्मसी
आता माझ्या गल्लीतला विषय. सगळे ‘२४ आययू’ म्हणतात, पण तो नाकात मावतो कसा ते बघा.

स्तनपानात दूध उतरावं म्हणून पूर्वी जो ऑक्सिटोसिनचा नाकातला फवारा मिळायचा, तो मिलिलिटरला ४० आययूचा. एका दाबाला ०.१ मिलि, म्हणजे ४ आययू. २४ आययूसाठी सहा दाब, प्रत्येक नाकपुडीत तीन. एकूण ०.६ मिलि. हे जमतं.

आपल्याकडे बाळंतपणाच्या खोलीत असतं ते इंजेक्शनचं अँप्युल, बहुतेक ५ आययू प्रति मिलि. त्यातून २४ आययू काढायचे तर ४.८ मिलि लागतील. नाकपुडीची कातडी एका वेळी साधारण ०.१ ते ०.१५ मिलि धरते, त्यापुढचं घशात. म्हणजे जवळजवळ एक चमचा पाणी नाकात ओतून बहुतेक सगळं गिळायचं, आणि गिळलेलं पचून जातं. अँप्युल फोडून नेझल स्प्रेच्या रिकाम्या बाटलीत भरायचा जुगाड इथेच मेला. वर अँप्युल निर्जंतुक असलं तरी बाटली नाही.

हवं असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ४० आययू/मिलिचं द्रावण आणि मोजून ०.१ मिलि सोडणारा पंप बनवून घ्यावा लागतो. प्रत्येक बॅचची ताकद तपासलेली हवी. नकली बाटलीत ऑक्सिटोसिन सोडून बाकी सगळं तेच हवं: तेच प्रिझर्वेटिव्ह, तीच आम्लता, तोच वास. क्लोरोब्युटेनॉल घातलं असेल तर त्याला कापरासारखा वास येतो. एका बाटलीला वास, दुसरीला नाही, तर तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांना कळलेलं असतं कुणाला काय मिळतंय.

पांझराकाठ
एका माणसाला किती बाटल्या लागतील?

गिरणा_फार्मसी
तीन दिवसांच्या विथड्रॉवल चाचणीला: ६ दाब × २ वेळा × ३ दिवस = ३६ दाब = ३.६ मिलि. ५ मिलिची एक बाटली पुरते.

चार आठवड्यांच्या चाचणीला: ६ × २ × २८ = ३३६ दाब = ३३.६ मिलि. कागदावर सात बाटल्या. पण नवीन बाटलीचे पहिले चार-पाच दाब हवेत सोडावे लागतात, पंप भरेपर्यंत डोस अर्धवट पडतो. तळाशीही अर्धा मिलि राहतो जो नळी ओढत नाही. वापरता येतात ते जेमतेम ४ मिलि. म्हणून नऊ. सात मागवल्या तर चौथ्या आठवड्यात हात रिकामे.

दिलेल्या आणि परत आलेल्या प्रत्येक बाटलीचं वजन ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर करा. डोसमागे साधारण ०.६ ग्रॅम घटलं पाहिजे. ‘रोज घेतो साहेब’ आणि बाटली भरलेली, हे काटाच सांगतो. उलटही होतं: एकदम दहा ग्रॅम घट, म्हणजे बाटली सांडली किंवा घरात सगळ्यांनी ‘बघू तरी’ म्हणून मारून पाहिली.

सातपुडा_आरोग्य
नाकात मारायची पद्धत कुणीतरी लिहा. अर्धे लोक मान मागे टाकून मारतात.

गिरणा_फार्मसी
आणि मग सगळं घशात. क्रम असा: नाक शिंकरा. मान सरळ, हनुवटी किंचित खाली. बाटली उभी. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर झोंबतं, रक्तही येतं. दाबताना हळू श्वास आत, जोरात ओढायचं नाही. एक उजवीकडे, एक डावीकडे, अर्धा मिनिट थांबा, पुढची जोडी. नंतर थोडा वेळ नाक शिंकरायचं नाही. घशात कडू लागलं तर डोस पोटात गेला असं नोंदवा, पण परत देऊ नका.

सर्दी, वाकडा पडदा, नाकातला मास: अशांना घेण्याआधी नाक तपासायचं. आणि तपकीर! आपल्याकडची म्हातारी मंडळी ती ओढते, म्हणून कुणाला वगळायचं त्या यादीत ती हवीच. नाक मोकळं करायचे थेंब टाकणाऱ्यांचंही तसंच, त्यांनी रक्तवाहिन्या आवळतात आणि शोषण बदलतं.

चोपडा_पशुवैद्य
पण मेंदूत पोचतं का हे?

तापीकाठ (मानसोपचार)
वाद आहे. रक्तात ते काही मिनिटांतच निम्मं होतं आणि रक्तातून मेंदूत फारच थोडं शिरतं. पण २०२० मध्ये माकडांना खूण केलेलं ऑक्सिटोसिन नाकातून दिलं तेव्हा ती खूण मेंदूच्या काही भागांत सापडली. पोचतं, पण किती आणि तेवढ्याने काम भागतं का, ते अजून भांडणात आहे.

गिरणा_फार्मसी
माझ्या मते हाच सगळ्यात कच्चा दुवा. २४ आययू म्हणजे वजनात जेमतेम ४० मायक्रोग्रॅम. त्यातलं नाकातून वर किती गेलं हे माणसात कुणी मोजून दाखवेपर्यंत ‘डोस २४’ हा आकडा सवयीने चालत आलाय असंच म्हणावं लागेल.

सातपुडा_आरोग्य
धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूने लिहितो. चाचणी इथे फसेल ती चार ठिकाणी, आणि चारही औषधाच्या गुणाशी संबंधित नाहीत.

थंडी. द्रावण २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास, लाइट जाते, आणि पाड्यावर घरोघरी फ्रीज नाही. चार आठवड्यांच्या बाटल्या घरी देऊन उपयोग नाही. एका वेळी आठवड्यापुरत्याच बाटल्या द्यायच्या, त्या आशाताईंमार्फत किंवा बाजाराच्या दिवशी. डब्यात आइस पॅक थेट बर्फाळ ठेवले तर द्रावण गोठतं, तेही चालत नाही. पॅक बाहेर काढून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, मग भरायचे. लसीच्या डब्याची हीच रीत आहे. प्रत्येक खेपेला तापमान नोंदवणारं यंत्र आत. आणि परत आलेल्या बाटल्यांतल्या काहींची ताकद पुन्हा तपासा. नाहीतर शेवटी ‘औषध चाललं नाही’ असं लिहाल आणि प्रत्यक्षात ते जीपमध्येच मेलेलं असेल.

मोजमाप. तुमच्या प्रश्नावलीत ‘किती ड्रिंक’ असं असतं. आपल्याकडे एक युनिट १० ग्रॅम अल्कोहोलचं धरतात. ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये १८० × ०.४२८ × ०.७८९, म्हणजे जवळपास ६१ ग्रॅम, सहा युनिटं. ६५० मिलिच्या ८ टक्के बिअरमध्ये ४१ ग्रॅम, चार युनिटं. पण मोहाच्या दारूवर टक्का छापलेला नसतो. पहिल्या धारेची वेगळी, नंतरची वेगळी. गावागावातून नमुना आणून अल्कोहोलमीटरने मोजावा लागेल, तापमानाची दुरुस्ती करून. ताडीसारख्या न गाळलेल्या पेयात साखर असते, तिथे हा मीटर चुकीचं दाखवतो. (आययू आणि दारूचं युनिट एकाच फॉर्मवर लिहू नका. गोंधळ ठरलेला.)

हंगाम. मोह मार्च-एप्रिलमध्ये वेचतात. त्याच्या आगेमागे भोंगऱ्या (आदिवासींचा होळीचा बाजार-उत्सव) आणि होळी. त्या आठवड्यांत पिणं सगळ्यांचंच वाढतं, फवारा असो-नसो. दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पाठपुरावा तुटतो.

भाषा. विथड्रॉवलची तीव्रता सीवा नावाच्या पट्टीवर मोजतात, दहा मुद्दे, कमाल ६७ गुण. त्यातला भान तपासणारा मुद्दा असा: तारीख सांगा, बेरीज करत जा. तारीख दोन दिवसांपर्यंत चुकली तर २ गुण, त्याहून जास्त चुकली तर ३. पावरी (सातपुड्यातली आदिवासी बोली) बोलणारा, शाळेत न गेलेला माणूस धडधाकट असतानाही तारीख सांगत नाही. तो भ्रमात नाही, त्याच्या घरात कॅलेंडर नाही.

तापीकाठ (मानसोपचार)
हा मुद्दा सोन्यासारखा आहे. काय विचाराल मग?

सातपुडा_आरोग्य
‘आज कुठला बाजार?’ म्हसावदचा की मोलगीचा, हे इथे लहान पोरही सांगतं. अंगावर मुंग्या चालतात का, हा प्रश्नही पावरीत नीट बसवावा लागतो. शब्दाला शब्द ठेवला तर ‘हो, घरात मुंग्या आहेत’ असं उत्तर येतं.

आकडेमोड
चालेल, पण बदल चाचणी सुरू होण्याआधी आराखड्यात लिहा आणि सगळ्या केंद्रांवर एकच ठेवा. एकाच रुग्णाला दोन नर्सेसनी स्वतंत्रपणे गुण देऊन किती जुळतं ते आधी बघा. जुळत नसेल तर सीवाऐवजी ‘७२ तासांत एकूण किती मिलिग्रॅम लोराझेपाम लागलं’ हाच मुख्य निकष धरा. मिलिग्रॅम मोजायला भाषा लागत नाही. मात्र ‘कधी द्यायचं’ हा नियम सगळीकडे एकच हवा, कारण तो सीवावरच बेतलेला असतो. एक नर्स ८ ला देते आणि दुसरी १५ ला, मग तुम्ही नर्सेसची तुलना करताय.

होळीवर उपाय: लॉट ब्लॉकमध्ये (ठरावीक माणसांच्या छोट्या टप्प्यांत, प्रत्येकात निम्मे खरे, निम्मे नकली) काढा, कधी चारचा ब्लॉक, कधी सहाचा, अदलाबदलीने. म्हणजे मोहाच्या हंगामात दोन्ही गटांची माणसं सारखी येतात. शेवटी प्रत्येकाला विचारा, ‘तुला खरं मिळालं की नकली?’ निम्म्याहून बरेच जास्त बरोबर ओळखत असतील तर पडदा फाटलाय.

आणि तोंडी आकड्यांवर विसंबू नका. फॉस्फॅटिडिलइथेनॉल नावाची रक्ततपासणी मागच्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं दाखवते. बोटातलं रक्त कार्डावर घेऊन पूर्ण वाळवलं की ते पाकिटातून पाठवता येतं. औषधाला थंडी लागते, या पुराव्याला लागत नाही.

पांझराकाठ
हाई बठ्ठं बरं शे, पण मंजुरीचं काय? केंद्र आपल्या आपण सुरू करू शकतं का?

तापीकाठ (मानसोपचार)
नाही. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार, मान्य औषध नव्या मार्गाने किंवा नव्या आजारासाठी दिलं तर तेही नवीन औषधच. बाजारात आणायच्या हेतूने चाचणी असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी. निव्वळ शैक्षणिक असेल तर नोंदणीकृत नीतिमत्ता समितीच्या मंजुरीवर होऊ शकते, पण समितीला शंका असेल तर तिने नियंत्रकांना कळवायचं असतं. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी. व्यवहारात हे वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्राखालीच जमतं.

संमती हा वेगळा डोंगर. थरथरत आलेल्या किंवा प्यालेल्या माणसाचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. बायकोने सही केली म्हणूनही होत नाही. आधी त्याला लोराझेपाम आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) द्या, भानावर येऊ द्या, मग त्याच्या भाषेत समजावून, वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर. यात पहिले काही तास निसटतात आणि २०१३ सारखी लवकर सुरुवात जमत नाही. ते नुकसान सोसायचं, उपाय नाही.

कुणाला घेऊ नये: गरोदर बायका, आधी फिट येऊन गेलेले, ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातल्या विद्युत लहरीचा एक काळ) लांबलेले, आणि रक्तात सोडियम कमी असलेले. ऑक्सिटोसिन जास्त झालं तर लघवी आटते आणि सोडियम उतरतं, आणि न जेवता पिणाऱ्यांचं ते बरेचदा आधीच उतरलेलं असतं. सोडियम आत घेताना आणि तिसऱ्या दिवशी, दोन्ही वेळा बघा. नकली गटालाही लोराझेपाम पूर्ण मिळालं पाहिजे. फवाऱ्यावर भरवसा ठेवून ते रोखलं तर माणूस जाऊ शकतो.

रावेर_केळी
एस्टी स्टँडवर चिटकवेल असतं, ‘पेशंटले न सांगता दारू सोडवा’. तेबी हेच का?

तापीकाठ (मानसोपचार)
नाही भाऊ. त्या पुड्यांत पुष्कळदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. माहिती असलेल्या माणसाने शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तासांनी घ्यायचं औषध आहे ते. भाजीत कालवून दिलं तर जीव जातो.

पांझराकाठ ताई, नातेवाइकांना आज सांगण्यासारखं हे: तलफेसाठी नालट्रेक्झोन ५० मिलिग्रॅम रोज, यकृत बघून आणि अफूवर्गीय औषध चालू नाही याची खात्री करून; किंवा अकॅम्प्रोसेट ३३३ च्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, मूत्रपिंड बघून. दोन्ही मिळतात, दोन्हींचा पुरावा हजारो रुग्णांचा आहे. फवाऱ्याला दारूसाठी मान्यता नाही. रोज पिणाऱ्याला घरात कोंडून ‘एकदम बंद’ करू नका, पहिले चार दिवस दवाखान्यात काढा. ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन आधी. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, टेली मानस १४४१६.

गिरणा_फार्मसी
अकॅम्प्रोसेटच्या गोळ्या दिवसाला सहा, इथेच लोक सोडतात. सकाळच्या दोन चहासोबत, दुपारच्या दोन डब्यासोबत बांधून द्या. शेतात जाणारा माणूस दुपारचा डोस हमखास विसरतो.

पांझराकाठ
सर्वांचे आभार. सातपुडा दादा, तो बाजाराचा प्रश्न अहिराणी गावांसाठीही बसवता येईल का? आमच्याकडे साक्री-पिंपळनेरची माणसं येतात.

सातपुडा_आरोग्य
येईल, पण वार आणि गावाची यादी भिंतीवर लावा. नर्स नाशिकची असेल तर तिलाही माहीत नसतं आज कुठला बाजार ते.